तोंडातला अंगठा

माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. तिच्या गळ्यात मोजपट्टीबरोबर धागा कापायची एक छोटी कात्री दोरीला बांधून कायम लोंबत असते. आमच्या मोहल्ल्यातल्या बाकीच्या शिवणाऱ्या बायका टाका संपला की धागा सरळ दातांत धरून तोडतात. ही कधीच नाही. मला वाटायचं, हिला पहिल्यापासून टापटिपीची सवय. दोन-अडीच वर्षांपूर्वी एकदा तिच्याकडे बसले होते. कात्री सापडेना, कपड्यांच्या ढिगात कुठेतरी गेली होती. मी सहज म्हटलं, "अगं, दातानं तोड की." ती हसली, तेही ओठ मिटूनच, आणि म्हणाली, "आपा, मेरे दाँताँ मिलतेच नईं."

मला कळेना. मग तिने दाढा घट्ट मिटल्या आणि बोटाने वरचा ओठ उचलून दाखवला. मागे दाढा एकमेकींवर बसलेल्या, आणि पुढे वरच्या-खालच्या दातांमध्ये करंगळी सहज जाईल एवढी फट. जणू खिडकी अर्धवट लावून ठेवली आहे. ती माझी सख्खी बहीण. एका ताटात जेवलो, एका रजईत झोपलो. सदतीस वर्षं मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी शिकवते. मुलांच्या तोंडाकडे बघणं हा माझा धंदाच आहे.

त्या दिवशी ती बरंच बोलली. वडापावचा घास तिला पुढच्या दातांनी तोडता येत नाही, पाव नुसता दबतो. मक्याचं कणीस ती दाणे सोडवून खाते. लग्नात सीख कबाब आला की हाताने तुकडे करते आणि बाजूच्या दातांत सारते. लोक म्हणतात, किती नजाकतीने खाते! पेरू सुरीशिवाय नाही. "तुला काय वाटायचं," ती म्हणाली, "मला फोटोत हसायला आवडत नाही?"

तिचा अंगठा पाचवीपर्यंत तोंडात होता. उजवा. घरात त्याच्यावर सगळे इलाज झाले. अम्मीने मिरची लावली. दादीने एलवा लावला, म्हणजे मराठीत ज्याला काळा बोळ म्हणतात तो, मुलांचं दूध तोडायला बायका छातीला लावतात तो कडू पदार्थ. बहिणीने एलव्यासकट अंगठा चोखला आणि नंतर तोंड वाकडं करून बसली. रात्री हाताला फडकं बांधलं, सकाळी ते उशीखाली सापडायचं. तावीज झाला. "अंगूठा सड़ के गिर जाएगा" ही धमकी झाली. पाहुण्यांसमोर हसणं झालं. चुलतभावांनी तिचं नाव 'अंगूठा छाप' ठेवलं, आणि सांगायला लाज वाटते, ते नाव मीच आधी काढलं होतं. मी तेव्हा दहावीत होते आणि स्वतःला फार विनोदी समजत होते.

शेवटी अंगठा सुटला तो कुठल्याच इलाजाने नाही. तो दिवसा सगळ्यांसमोर तोंडात घालायची लाज वाटू लागली म्हणून सुटला. आम्ही म्हटलं, चला, सुटलं एकदाचं. तोंडात मात्र त्याने जे करायचं ते करून ठेवलं होतं.

मी बी.एड. केलं तेव्हा मानसशास्त्राच्या पेपरला फ्रॉइडची मौखिक अवस्था होती. त्याच्या १९०५ सालच्या निबंधांत अंगठा चोखण्याबद्दल बरंच आहे. त्याच्याही आधी, १८७९ मध्ये, बुडापेस्टच्या लिंडनर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने या सवयीवर लिहिलं होतं आणि फ्रॉइडने त्याचा आधार घेतला. मी हे सगळं पाठ केलं होतं. पण त्या पेपरात टाळू, जबडा, जीभ, गिळणं यांचा एक शब्द नव्हता. मूल अंगठा का चोखतं यावर पानं लिहिली, अंगठा मुलाच्या तोंडाचं काय करतो ते मात्र कुणी विचारलं नाही.

ते मला कळलं माझ्या भाचीमुळे. कात्रीचा प्रसंग घडला तेव्हा बहिणीची मुलगी सहा वर्षांची होती, आणि तिचाही अंगठा तोंडात होता. त्याच वर्षी रमजानमध्ये आम्ही सगळे अम्मीकडे इफ्तारला जमलो होतो. दस्तरखान मांडलेलं, खजूर वाटलेले, अजान व्हायला दोन मिनिटं बाकी. दुआची वेळ. भाची भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून, अंगठा तोंडात घालून बसलेली. बहिणीने तिच्याकडे पाहिलं आणि इतक्या जोरात हात ओढला की पोर पुढे पडली. वरून एक चापट. "निकाल बोली ना! मेरे सरीका होना है क्या तेरे को?"

सगळे गप्प झाले. माझ्या सारखं व्हायचंय का तुला. बाईने सहा वर्षांच्या मुलीला मारलं, पण त्या चापटीत तिचं स्वतःचं अख्खं बालपण होतं. अजान झाली, आम्ही खजूर तोंडात घातले. माझा मला गोड लागला नाही.

ईद झाल्यावर मी दोघींना घेऊन शहरातल्या एका दंत महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेले. तिथे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो हेही मला तेव्हाच कळलं. पदव्युत्तर शिकणारी एक तरुण डॉक्टर होती. बहिणीने बसल्या बसल्या तक्रार सुरू केली, किती समजावलं, किती मारलं. डॉक्टरने मान हलवली आणि भाचीला विचारलं, "तुझा लाडका अंगठा कुठला? हा की तो?" भाचीने उजवा पुढे केला. डॉक्टरने तो हातात घेऊन पाहिला. बाकीची नऊ बोटं मातीने, शाईने मळलेली आणि हा एकटा स्वच्छ, सुरकुतलेला, वर छोटा घट्टा. "बघा, खोटं बोलता येत नाही त्याला," ती म्हणाली आणि भाची चक्क हसली.

मग तिने आम्हाला जे समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण ते मला पंचवीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

अंगठा चोखणं हा गुन्हा नाही, आजारही नाही. मूल आईच्या पोटात असल्यापासून अंगठा चोखतं, सोनोग्राफीत ते दिसतं. चोखण्याची ओढ घेऊनच ते जन्माला येतं, नाहीतर दूध कसं पिणार? बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. तोवर काळजीचं फारसं कारण नाही. दुधाच्या दातांत थोडी फट पडली आणि सवय वेळेत सुटली, तर ती बऱ्याचदा आपोआप भरून येते. खरा प्रश्न सुरू होतो तो पुढचे कायमचे दात यायच्या वेळी, म्हणजे सहा-सात वर्षांच्या सुमारास.

दात हाडात खिळा ठोकल्यासारखा पक्का बसलेला असतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. हलका दाब बराच वेळ मिळाला तर तो सरकतो. तारा लावून दात सरळ करतात ते याच तत्त्वावर. म्हणून मूल किती जोराने चोखतं यापेक्षा किती वेळ चोखतं याला महत्त्व जास्त. झोपताना पाच मिनिटं अंगठा घालून मग तो गळून पडणारं मूल वेगळं, आणि रात्रीचे सहा-सात तास अंगठा तोंडात ठेवणारं वेगळं. वरचे दात पुढे ढकलले जातात, खालचे आत. जे दात वर यायचे ते अंगठा मध्ये असल्याने पुरते येत नाहीत. तीच ती खिडकी, तिला दातांचे डॉक्टर 'ओपन बाइट' म्हणतात.

आणि जीभ. मला सगळ्यात नवल वाटलं ते जिभेचं. आपण बोलत नसतो, खात नसतो तेव्हा जीभ कुठे असते? वाचता वाचता थांबून पाहा. ती वर टाळूला टेकलेली असायला हवी. वरचा जबडा वाढताना त्याला आतून आधार असतो तो जिभेचा आणि बाहेरून गालांचा दाब. अंगठा आत आला की जीभ खाली दबते, आधार जातो, आणि चोखताना गाल आत ओढले जातात. मग वरचा जबडा रुंद व्हायच्या ऐवजी अरुंद, टोकदार होतो. पुढे फट पडली की आणखी एक गोष्ट होते. गिळताना तोंड पुढून बंद असावं लागतं. दात आणि ओठ ते बंद करू शकत नाहीत म्हणून जीभ पुढे येऊन फटीत बसते. लाळ गिळणं दिवसातून शेकडो वेळा होतं, झोपेतही. अंगठा सुटतो, पण जीभ फटीतच मुक्काम करते. माझ्या बहिणीचा अंगठा पाचवीत सुटला. जीभ आजही तिथेच आहे.

(सगळे वाकडेतिकडे दात अंगठ्यामुळे होतात असं नाही. पुष्कळदा ते घराण्याचं देणं असतं. आमच्या एका मामूंचा जबडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्यात अंगठ्याचा काही दोष नाही.)

जिभेची गोष्ट निघाली आणि मला आमच्या उस्तानी-बी आठवल्या. आम्ही दोघी बहिणी त्यांच्याकडे कायदा आणि नंतर कुरआन शिकलो. फार कडक बाई. मखरजवर, म्हणजे अक्षर तोंडात नेमकं कुठून निघतं त्यावर, त्यांचा सगळा जोर. तजवीदमध्ये इब्न अल-जजरींनी मान्य केलेले सतरा मखरज शिकवतात. त्यात पुढच्या दातांचं काम किती मोठं! 'फे'ला वरच्या दातांची कड खालच्या ओठाला लागते. 'से', 'जाल', 'जोय' या तीन अक्षरांना जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेशी येतं. आणि 'सीन'ला जीभ दातांच्या मागे राहून हवेची बारीक शीळ सोडते. जीभ मागे राहिली तर सीन, पुढे आली तर से. अरबीत एवढ्याने अर्थ बदलतो. 'इस्म' सीनने लिहिला तर नाव, सेने लिहिला तर पाप. उर्दूत आपण दोन्हींचा उच्चार सारखाच करतो म्हणून निभावतं.

माझ्या बहिणीचा सीन कधी निघालाच नाही. जीभ मागे थांबायला तिथे दातांची भिंतच नव्हती. उस्तानी-बी म्हणायच्या, फिर से. पुन्हा तेच. फिर से. बाकीच्या मुली खुसखुसायच्या. मी पण. वीस वेळा, पंचवीस वेळा. मग तिने मोठ्याने वाचणं बंद केलं. तिचा कुरआन पूर्ण झाला, मिठाई वाटली गेली, पण शेवटचे दहा-बारा पारे तिने ओठ हलवत, जवळजवळ मुक्यानेच वाचले. आजही ती तशीच वाचते. अटकत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुप्पट सवाब असल्याची हदीस आम्हाला त्याच उस्तानी-बींनी शिकवली होती. हजरत मूसांनी जिभेची गाठ सुटावी म्हणून मागितलेली दुआ तर आम्ही धडा सुरू करायच्या आधी रोज म्हणायचो. दोन्ही पाठ होतं. कुणालाही, उस्तानी-बींना आणि मलासुद्धा, ते समोर बसलेल्या मुलीला लावून पाहावंसं वाटलं नाही.

उस्तानी-बींना तरी दोष कसा देऊ? उच्चारशास्त्र मीही शिकले होते. आठव्या शतकातल्या खलील इब्न अहमदने आपला अरबी कोश 'किताब अल-ऐन' अलिफपासून नाही, तर घशातून निघणाऱ्या ऐनपासून सुरू केला आणि ओठांच्या अक्षरांकडे नेला. आपली मराठी वर्णमालाही तशीच चालते: क-वर्ग कंठातून, मग तालू, मूर्धा, दंत आणि शेवटी ओठांचा प-वर्ग. दोन वेगळ्या मुलखांतल्या जाणत्या लोकांनी तोंडाचा नकाशा एकाच दिशेने काढला, हे मी नववीच्या मुलांना दरवर्षी मोठ्या कौतुकाने सांगते. पण नकाशातलं एखादं गाव कुणाच्या तोंडात वसलंच नसेल तर? तिथे 'फिर से' म्हणून काय होणार?

हे सगळं डोक्यात घेऊन मी शाळेत परतले आणि मला एक मुलगा दिसला. म्हणजे तो वर्षभर माझ्याच वर्गात होता. दिसला त्या दिवशी.

सहावीतला मुलगा. तोंड सदा उघडं, खालचा ओठ लोंबता आणि सुकून फाटलेला, डोळ्यांखाली काळसर. दुपारच्या तासाला डुलक्या. प्रश्न विचारला की दचकून बघणार. मुलं त्याला 'भोळा' म्हणायची. मी म्हणत नव्हते, पण मी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, आणि येता-जाता "मुँह बंद कर, मक्खी जाएगी" हे माझं ठरलेलं वाक्य होतं. वर्ग हसायचा. वर्ग हसला की शिक्षकाला बरं वाटतं, हे खोटं कशाला बोलू. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी त्याच्या नावासमोर लिहिलं होतं: लक्ष नसते.

दंत महाविद्यालयातल्या त्या डॉक्टरने बोलता बोलता सांगितलं होतं की तोंडाने श्वास घेणं ही पुष्कळदा सवय नसतेच, ती मजबुरी असते. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या बाजूला अ‍ॅडिनॉइड नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते आणि वयात येताना आक्रसते. काही मुलांत ती इतकी वाढते की नाकाची वाटच अडते. मग मूल तोंडाने श्वास घेतं. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओली करतं, तोंड यातलं काही करत नाही. तोंड कोरडं पडतं, लाळेचं संरक्षण जातं, हिरड्या सुजतात, दात किडतात. जीभ खाली राहते, आणि मग जबड्याचं तेच, जे अंगठ्याने होतं. चेहरा लांबुडका होत जातो. रात्री घोरणं, श्वास अडकणं, झोपमोड. आणि रात्रभर नीट न झोपलेलं मूल दुपारी वर्गात काय करणार? लक्ष नसते.

शाळांमध्ये वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. ही योजना २०१३ पासून आहे. दरवर्षी मी मुलांना रांगेत उभं करायचे, वजन-उंचीचे आकडे भरायचे आणि मनात म्हणायचे, माझे दोन तास गेले. त्या वर्षी मी त्या मुलाला हाताला धरून डॉक्टरांसमोर नेलं आणि म्हटलं, हा घोरतो का ते याच्या आईला विचारा. आई दुसऱ्या दिवशी आली. बुरख्याच्या आत रडत होती. म्हणाली, रात्री मी उठून त्याचा श्वास चालू आहे का बघते, मिस. घरात सगळे म्हणतात, मर्द आहे, घोरणारच.

पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी गेली, तपासण्या झाल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या अ‍ॅडिनॉइडचं ऑपरेशन झालं. सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही, काहींचं अ‍ॅलर्जीच्या औषधाने भागतं. याला लागलं. सुट्टीनंतर शाळा भरली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी तो हात वर करून उभा राहिला. हा मुलगा आपणहून कधी हात वर करत नसे. मी म्हटलं, बोल. म्हणाला, "मिस, आज खिचडी में जीरा ज्यादा है।" स्वयंपाकाची खोली दोन वर्ग सोडून पलीकडे. सगळे हसले. तो पण हसला. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, काहीतरी पुसायचं आहे असं दाखवत.

तो पहिला-दुसरा आला असं काही झालं नाही, सिनेमा नाही हा. गणितात तो अजूनही काठावर पास होतो. ऑपरेशन झालं तरी तोंड उघडं ठेवायची सवय कित्येक महिने तशीच राहिली, कारण नाक मोकळं झालं हे ओठांना कुणी सांगितलेलं नसतं. डॉक्टरांनी त्याला ओठ मिटून नाकाने श्वास घेण्याचा सराव दिला होता. आम्ही दोघांनी एक खूण ठरवली. मी माझ्या नाकाच्या शेंड्याला बोट लावायचं, त्याने ओठ मिटायचे. वर्गाला पत्ता नाही. एकदा भर तासात त्याने उलट मलाच ती खूण केली. मी वाचताना धापा टाकत होते म्हणे.

मुलांच्या तोंडाचा त्यांच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजायला टोरोंटोतल्या संशोधकांनी २००२ मध्ये अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्नावली तयार केली. दात किती दुखतो एवढंच त्यात नाही. दुसऱ्या मुलांसमोर हसायचं टाळलंस का, वर्गात मोठ्याने वाचायला-बोलायला नको वाटलं का, मुलांनी चिडवलं का, असंही विचारलेलं आहे. मी ते प्रश्न वाचले तेव्हा बहिणीचा चेहरा समोर आला. तिला हे कुणी विचारलं असतं तर तिने प्रत्येक प्रश्नाला हो म्हटलं असतं. आता मी प्रकट वाचनाला मुलांना उठवते तेव्हा कोण वाचतं यापेक्षा कोण दरवेळी पाणी प्यायला जायची परवानगी मागतं ते बघते. नखं कुरतडणारी, पेन्सिलीचं टोक चावणारी, खालचा ओठ वरच्या दातांत धरून बसणारी पोरंही मला आता दिसतात. प्रत्येकाला डॉक्टरकडे धाडत नाही. बहुतेक वेळा परीक्षा जवळ आलेली असते किंवा घरात भांडण चालू असतं.

भाचीचं काय झालं ते राहिलं. डॉक्टरने लगेच तार बसवली नाही. वरच्या दातांच्या मागे 'क्रिब' नावाची तारेची छोटी जाळी बसवतात, त्याने अंगठा टाळूला लागत नाही आणि चोखण्यातली मजा जाते. पण ती मुलाला स्वतःला सोडायचं असेल तेव्हाच उपयोगी, शिक्षा म्हणून नाही, असं ती म्हणाली. आधी सहा महिने साधे उपाय. मिरची बंद, एलवा बंद, टोमणे बंद. भाचीने स्वतः एक मोजा निवडला, रात्री हातात घालायला, त्यावर बहिणीने बटणांचे डोळे शिवले. कॅलेंडरवर कोरड्या अंगठ्याच्या रात्रीला चांदणी. चांदणी नाही मिळाली तर काही बोलायचं नाही, हे बहिणीला सगळ्यात जड गेलं. डॉक्टरने तिलाच समजावलं, "तिला सवय सोडायची आहे ताई, तुम्हाला धाक."

वीस-पंचवीस दिवस चांदण्या लागल्या. मग बहनोई सुट्टी संपवून सौदीला परत गेले आणि त्याच रात्री अंगठा आत. दहा दिवस एक चांदणी नाही. बहिणीने मला रात्री अकराला फोन केला, "आपा, मैं कुछ नहीं बोली उसको. बाजू में लेट गई बस।" त्या वाक्याला मी मनातल्या मनात एक चांदणी दिली. पुढे तापात एकदा, शाळेत मैत्रिणीशी कट्टी झाली तेव्हा एकदा, असं मागे-पुढे होत पाचेक महिन्यांत सुटलं. जाळी लागली नाही.

बहिणीने स्वतःबद्दलही विचारलं होतं, जाता जाता, दारात उभं राहून. या वयात तारांनी काही होईल, पण हाडं वाढून पक्की झाल्यावर पुष्कळदा नुसत्या तारांनी भागत नाही, जबड्याची शस्त्रक्रिया लागू शकते, असं उत्तर मिळालं. उच्चारांसाठी वाचा-उपचार करणाऱ्यांकडे जाता येईल. ती म्हणाली, "इतना सब? अभी?" आणि हसली, ओठ मिटून. गेली नाही. पण मुलीला कायदा शिकवायला माझ्याकडे पाठवायची ते तिने बंद केलं. आता स्वतः घेऊन बसते. सीनचं पान आलं की मला फोन लावते आणि स्पीकर चालू करते.

गेल्या महिन्यात मी पुन्हा तिच्याकडे होते. भाची आठ वर्षांची झाली. वरचे दोन नवे दात आले आहेत, मोठाले, करवतीसारख्या कडांचे, आणि खालच्यांवर बऱ्यापैकी बसतात. बहीण कुणाच्या तरी ब्लाउजला हातशिलाई करत होती. टाका संपला, कात्री सापडेना. भाची पुढे सरकली, धागा पुढच्या दातांत धरला आणि टचकन तोडून आईच्या हातात दिला. बहीण एक क्षण तो तुटलेला धागा बघत राहिली.

मग ओरडली, "दाँत से नको तोड़ू गे! खाँचा पड़ता दाँत को, डॉक्टरनी बोली थी ना?"